उल्लेखनीय काहीच नाही

एटापल्लीत नव्यानं बदलून आलेल्या माणसाला आम्ही तीन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. पावसाळ्यात भामरागडला निघण्यापूर्वी पर्लकोटा नदीचा पूर विचारून घ्यायचा. मोबाइलची रेंज गेली तर हँडसेट आपटायचा नाही. आणि व्हॅक्यूम काकाजींच्या घरासमोर गाडी सुरू ठेवून उभं राहायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी माणूस पटकन शिकतो. तिसरी ऐकून हसतो आणि विसरतो.

मग एके दिवशी पत्ता विचारायला तो नेमका तिथंच थांबतो. ओट्यावरून सत्तरीचा एक सडपातळ माणूस उठून येतो. अंगात बाह्यांची बनियान, खांद्यावर दुपट्टा, हातात हातभर लांब पेचकस. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पेचकसाचं टोक तो इंजिनावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. मिनिटभरानं डोळे उघडून विचारतो,

"एअर फिल्टर कधी काढला होता जी?"

"मला तहसील ऑफिसला जायचं होतं."

"जाजा ना. तहसील कोठं पळून नाई चाललं. फिल्टर कधी काढला, ते सांगा."

त्या दिवशी तहसीलचं काम होत नाही. फिल्टर मात्र साफ होतो.

काकाजी बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये फिटर होते. वर्धा नदीकाठच्या या मिलची कंपनी १९४५ सालची. आमच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं ट्रकांत भरून तिकडे जायचा, आणि त्याच वाटेनं इथली काही पोरंही गेली. बांबूचा कागद झाला, काकाजींचा फिटर झाला. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा इकडे केवढी धामधूम होती. काकाजींच्या खासगी वहीत त्या तारखेपुढं दोनच शब्द आहेत : 'पंप नॉर्मल.'

त्यांची सारी नोकरी व्हॅक्यूम पंपांच्या घरात गेली. कागदाचा आणि पोकळीचा काय संबंध, असं कोणी चुकून विचारलं तर ओटा सोडता येत नाही. काकाजी सांगतात ते खरं तर ऐकण्यासारखं आहे. बांबूचा लगदा मशीनच्या तोंडाशी येतो तेव्हा त्यात शेकडा ९९ भाग पाणीच असतं. तो धावत्या जाळीवर पसरतो. जाळीखालच्या पेट्यांना पंप जोडलेले असतात, त्यांच्यामुळं पाणी जाळीतून खाली जातं. पुढं रुळांमध्ये दाबून आणखी पाणी काढतात, आणि उरलेलं वाफेच्या तापल्या सिलिंडरांवर वाळवतात. "वाफ महाग, व्हॅक्यूम सस्ता," काकाजी म्हणतात. "इकडे पंप ढिला पडला का तिकडे कागद वला. वला कागद तुटते. तुटला का साऱ्या मशीनवर बोंब."

एवढं सांगून झालं की ते खडूनं ओट्यावर एक वर्तुळ काढतात. वर्तुळाच्या आत, पण मधोमध नव्हे तर जरा एका बाजूला सरकवून, पात्यांचं एक चाक. "हे चाक फिरलं का आतलं पानी भिरभिर फिरून कडेले जाऊन बसते. पान्याचं कडं तयार होते. चाक बाजूले हाय म्हून एकीकडच्या दोन पात्यांमधली जागा मोठी होते, तिकडून हवा आत येते. फिरत फिरत जागा लहान होते, हवा बाहेर. ना पिस्टन, ना व्हॉल्व्हची कटकट. पान्याचाच पिस्टन!" पाण्याचाच पिस्टन हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो मुलाच्या बारावीच्या निकालाच्या वेळीही आला नव्हता, असं काकू सांगतात.

या पंपाची एक खोड आहे. कड्याचं पाणी तापलं की पंप दमतो. १५ अंशांच्या पाण्याच्या वाफेचा दाब पाऱ्याच्या जेमतेम १३ मिलिमीटर असतो, ४५ अंशांना तो ७२वर जातो. म्हणजे पंप ज्या जागेतून हवा काढणार, तिथं पाण्याची वाफच आधी जाऊन बसलेली. आणि चंद्रपूर-बल्लारपूरचा मे महिना म्हणजे सावलीत ४५ हा रोजचा भाव. त्यामुळं उन्हाळ्यात सारी मिल कूलरपुढं बसायची आणि काकाजी सील वॉटरच्या, म्हणजे कड्याच्या पाण्याच्या, पाइपावर तळहात ठेवून उभे असायचे. पाण्याच्या वाटेवरची गाळणी रोज काढायची, त्यातला गाळ, तंतू, क्षाराचे खडे झटकायचे, परत बसवायची. बाहेरून बघणाऱ्याला दिसायचं ते एवढंच : एक माणूस रोज तेच झाकण उघडतो आणि रोज तेच झाकण लावतो.

इथंच काकाजींच्या आयुष्यातलं खरं नाट्य आहे. कुठल्याही कारखान्यात दोन जातीचे फिटर असतात. एक ब्रेकडाऊनचा. मशीन बंद पडलं की त्याला हाका जातात. तो हातात पाना घेऊन धावत येतो, सारे बाजूला होतात. तो घाम गाळतो, ओरडतो, एखादा बोल्ट तोडतो आणि तीन तासांनी मशीन सुरू करतो. मग साहेब त्याच्या पाठीवर थाप मारतात, त्याला ओव्हरटाइम मिळतो आणि कॅन्टीनमध्ये त्याचा चहा दुसराच कोणीतरी देतो. दुसरा फिटर मेंटेनन्सचा. त्याचं मशीन बंदच पडत नाही. त्यामुळं त्याला कोणी हाक मारत नाही, आणि वर्षातून एकदा कोणीतरी नवा साहेब येऊन विचारतो, "तुम्ही दिवसभर करता काय?"

काकाजी दुसऱ्या जातीचे. ब्रेकडाऊनच्या फिटरांविषयी त्यांचं मत तिखट आहे. "आग लागल्यावर पानी टाकणाऱ्याले हार. चुलीतला इस्तो रोज विझवणाऱ्याले काय? काईच नाई."

निवृत्तीच्या दिवशी निरोपाचा छोटा कार्यक्रम झाला. भाषण करायला जे साहेब उभे राहिले ते त्या खात्यात नवे होते. त्यांनी काकाजींची सर्व्हिस फाइल आदल्या रात्री चाळली होती. आधीच्या सत्कारमूर्तींबद्दल सांगायला त्यांच्याकडे आग विझवल्याचा, बंद मशीन पहाटेपर्यंत सुरू केल्याचा प्रसंग होता. काकाजींच्या फाइलीत कोरडा ठणठणाट. साहेब गडबडले आणि बोलून गेले, "यांच्या इतक्या वर्षांच्या सेवेत उल्लेखनीय असं काहीच घडलं नाही."

सभेत खसखस पिकली. काकू पदराआड रडल्या. काकाजी मात्र उठले, साहेबांपाशी गेले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "साहेब, हे तुमी लिहून द्या." साहेबांनी घाबरून लिहून दिलं. तो कागद आज एटापल्लीच्या घरात, गणपतीच्या खालोखाल, काचेच्या फ्रेममध्ये आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो वाचायला लावतात. पाहुणा संकोचून गप्प बसतो. काकाजींना वाटतं, भारावला.

निवृत्त होऊन हा माणूस गावी आला, तेव्हा गाव बदललं होतं. सुरजागडच्या पहाडावरून लोहखनिज निघू लागलं होतं, आणि एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. ट्रकांमागं धूळ आली. लाल, बारीक, पानांवर, पापडांवर, वाळत घातलेल्या मोहफुलांवर आणि माणसांच्या भुवयांवर बसणारी. या धुळीवर गावात मोर्चे निघाले, निवेदनं गेली. काकाजींनीही निवेदन दिलं, पण त्यातली मागणी वेगळी होती : रस्त्यावर पाणी मारण्याच्या टँकरच्या पंपाची गाळणी रोज साफ करावी. निवेदन घेणाऱ्या अधिकाऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि पोच दिली.

धुळीमुळं गावातली प्रत्येक गाडी त्यांच्या कक्षेत आली. त्यांचं फिल्टरशास्त्र मात्र आपल्याला वाटतं तितकं साधं नाही. फिल्टर कधीच न काढणाऱ्यावर ते जेवढे चिडतात, त्याहून जास्त रोज काढणाऱ्यावर चिडतात. चौकातला एक ट्रकचालक रोज सकाळी फिल्टर काढून टायरवर धाडधाड आपटायचा. काकाजींनी त्याचा हात धरला.

"का बे, काहून मारून रायला त्याले?"

"साफ करतो ना काकाजी. तुम्हीच तर सांगता."

"हे साफ करणं नोहे, हे मर्डर आहे. कागद आहे तो आतमधी. घडी घालून घालून बसवलेला कागद! आपटला का घडीवर फाटते. मंग सारी धूळ सीधी इंजिनात."

कागदावर असा अत्याचार मिलच्या माणसाला कसा बघवणार? मग चौकातच वर्ग भरला. कागदाचा फिल्टर धुवायचा नाही. हवा मारायची ती आतून बाहेर. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात रुतून बसते. दाब बेताचा ठेवायचा. आणि किंचित मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा धूळ जास्त चांगली अडवतो, कारण अडकलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. म्हणून उगाच उघडायचा नाही; इंडिकेटर लाल झाला किंवा दाबातला फरक वाढला, की उघडायचा. "घाण किती असू द्यायची, हे समजणं म्हणजे मेंटेनन्स," या वाक्यावर एका पुढाऱ्यानं मान डोलावली, तेव्हा काकाजींनी त्याच्याकडे संशयानं बघितलं.

आलापल्लीला जायला काळी-पिवळी जीप भरली की काकाजी चालकाच्या शेजारी बसतात. मागं माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, एक नवरदेव. चालक चावी फिरवणार, तोच काकाजी त्याचा हात अडवतात. "थांब. इंजिन बंदच ठेव. ब्रेक दाब. अजून दाब. घट्ट झाला पाय? आता पाय तसाच ठेव अन् गाडी सुरू कर." चालक तसं करतो. पाय जरासा खाली जातो. "गेला ना खाली? बेस. एक्झॉस्टर चांगला आहे. चाल आता."

कारण डिझेल गाडीला ब्रेकसाठी लागणारी पोकळी आपोआप मिळत नाही. पेट्रोलच्या इंजिनात ती हवेच्या वाटेवर तयार होते, डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. जुन्या जीपगाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागं असतो आणि मेकॅनिक त्याला एक्झॉस्टर म्हणतात. तो गेला तर ब्रेक लागतो, पण पायाला दगड लागतो आणि गाडी हवी तिथं थांबत नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. पण ती काकाजी रोज करतात, प्रत्येक जीपला करतात, आणि पास झालेल्या चालकाचं अभिनंदन सर्व प्रवाशांसमोर करतात. एकदा नवरदेवानं घड्याळाकडं बघितलं. काकाजी मागं वळून म्हणाले, "मुहूर्त चुकला तर दुसरा निघते. ब्रेक चुकला तर?" नवरदेव मुंडावळ्या सावरून गप्प बसला.

गावात आता एसी आले आहेत. ते बसवणारा एक माडिया पोरगा आहे, आयटीआय झालेला, हुशार, हाताचा साफ. त्याच्याकडे एक छोटा रोटरी व्हेन पंप आहे. हा पंप तेलावर चालतो. आत फिरणाऱ्या पात्यांच्या फटी तेलच बुजवतं, तेलच पंप थंड ठेवतं. एसीच्या नळ्या जोडल्यावर त्यातली हवा आणि ओल या पंपानं काढून मगच गॅस सोडायचा, असा नियम. ओल राहिली की ती बारीक नळीत गोठते, तेलात आम्ल तयार करते आणि दोन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर बसतो. पण अर्धा तास पंप चालवत बसायला वेळ कुणाला आहे? बरेच मिस्त्री थोडासा गॅस फुर्रकन सोडून हवा हाकलल्याचं समाधान मानतात.

या पोराच्या पंपावर काकाजींची नजर पडली ती ऐन पावसाळ्यात. त्यांनी तेलाच्या काचेत डोकावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. तेल दुधाळ झालं होतं.

"हे काय पाजून रायला पंपाले? लस्सी?"

"तेलच आहे काकाजी."

"पानी गेलं तेलात. हवेतली वल सारी इथंच येऊन बसली. ती बारकी चकती फिरव. गॅस बॅलास्ट मनते तिले. आता पंप तसाच चालू दे अर्धा तास. बाहेरची थोडी हवा आत येते, वाफेले पानी होऊ देत नाई, वाफ वाफेसारखी बाहेर जाते. तेल उजळलं तर ठीक, नाई तर बदल."

पोरगा ऐकणारा निघाला. आणि इथून त्याचे हाल सुरू झाले. काकाजी त्याच्यासोबत गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ लागले. खुर्चीवर बसून, घड्याळ हातात धरून, पंप पुरता अर्धा तास चालल्याशिवाय त्याला गॅसच्या बाटलीला हात लावू देईनात. तेलाची पातळी दोन रेघांच्या मध्येच हवी. पंपाच्या धुरातून तेलाचा वास आला, मोटर जास्त तापली, की एक्झॉस्ट फिल्टर चोक झालेला समजायचा. पंप बंद करण्याआधी लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नाही तर जुना पंप तेल उलटं लाइनीत सोडतो. तारेचे फेज बदलून जोडले तर तीन फेजचा पंप उलटा फिरतो, म्हणून नवी जोडणी झाली की आधी क्षणभर चालवून बाण बघायचा. या पोराच्या पंपाला तीन फेज नाहीत. तरी त्याला ते पाठ करावं लागलं.

वर्षभरानं पोरगा रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, काकाजींना काहीतरी सांगा. धंदा बसला माझा."

"का? काम खराब होतं?"

"नाही ना! बसवलेला एसी बिघडतच नाही. पहिले एका एसीवर वर्षात दोन खेपा व्हायच्या. आता गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर नुसतं हसून जातं."

मी हे काकाजींना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, जणू मीच पेचकस होतो. मग म्हणाले, "त्याले सांगा, आता त्याच्या नावानंही उल्लेखनीय काई नाई. पोट्टा लायनीवर आला." पुढं त्या पोराला एका मोठ्या कामाचं वर्षाचं देखभालीचं कंत्राट मिळालं. बिघडलेल्या एसींवर मिळायचे त्यापेक्षा जास्त पैसे न बिघडण्याचे मिळू लागले. तेव्हा त्यानं काकाजींना नवा दुपट्टा घेतला. काकाजींनी दुपट्ट्याच्या कोपऱ्यावर तारीख टाकली.

तारीख टाकणं हा त्यांच्या घरातला मोठा वादाचा विषय. पंख्यावर, मिक्सरवर, पाण्याच्या माठावर, दाराच्या बिजागरीवर प्रत्येकी एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकलेलं. 'मागील तपासणी', 'पुढील तपासणी', 'शेरा'. काकूंनी हे निम्मं आयुष्य सोसलं. लोणच्याच्या बरणीला कार्ड लागलं त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःचं कार्ड तयार केलं आणि काकाजींच्या सदऱ्याच्या खुंटीला अडकवलं : 'आवाज : जास्त. गरम होणे : वारंवार. तेल : कमी करावे. शेरा : बदली मिळत नाही.' काकाजींनी ते वाचून गंभीरपणे खाली सही केली.

सर्वांत जास्त त्रास झाला तो दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टरांना. दर तीन महिन्यांनी काकाजी सकाळी रांगेत उभे.

"काय होतंय?"

"काई नाई."

"दुखतं कुठं?"

"कोठंच नाई."

"मग आलात कशाला?"

"काई होत नाई म्हून तर आलो. होऊन आल्यावर तुमी काय करान?"

डॉक्टरांना शिक्षणात हा रोगी कुठल्याच धड्यात भेटला नव्हता. त्यांनी बीपी बघितलं. काकाजींनी आकडा वहीत उतरवला आणि विचारलं, "या मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं जी?"

याच फेऱ्यांमध्ये त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोडीचं माणूस भेटलं. प्रसूतिकक्षातल्या सिस्टर. काकाजी व्हरांड्यातून जात होते. सिस्टर ड्यूटीवर येऊन सक्शन मशीन तपासत होत्या. मशीन सुरू केलं, नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून बंद केलं, काटा वर चढतो का ते बघितलं, अंगठा काढला, काटा खाली आला का ते बघितलं. मग बाटलीचं झाकण, मग पंपाआधीचा छोटा गोल फिल्टर. कक्षात त्या वेळी एकही पेशंट नव्हती. काकाजी दारातच थबकले.

"बिघडलं का जी मशीन?"

"नाही हो काकाजी. बिघडू नये म्हणून बघते. प्रत्येक ड्यूटीला बघते."

काकाजींना पुढं बोलता आलं नाही. काही वेळानं त्यांनी विचारलं, काटा किती ठेवता? सिस्टरांनी सांगितलं, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या तोंडातलं, नाकातलं पाणी काढायचं असेल तर १०० मिलिमीटरच्या वर जायचं नाही. आणि तो गोल फिल्टर ओला झाला की वाळवून परत लावायचा नाही, बदलायचाच. तो पाण्याला आणि जंतूंना अडवतो, म्हणून पंप आणि माणसं दोन्ही वाचतात. काकाजींनी जन्मभर याच्या कितीतरी पट पोकळी सांभाळली होती, टनावारी कागद वाळवायला. घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "आमी सारं ओढत बसलो. कुठं थांबायचं ते या बाईले ठाऊक." त्यानंतर ते गावात फक्त दोन माणसांना आधी नमस्कार करतात : ठाकूरदेवाच्या जत्रेतल्या पुजाऱ्याला आणि सिस्टरांना.

"ओढणं" हा शब्द मात्र त्यांनी त्या दिवशी भावनेच्या भरात वापरला. एरवी ते कोणी वापरला तर चालवून घेत नाहीत. पंप काही ओढत नाही, हा त्यांचा सिद्धांत, आणि तो भौतिकशास्त्राला धरून आहे. पंप फक्त आतली जागा रिकामी करतो; बाहेरची हवा ढकलते. समुद्रसपाटीला ती पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंच खांब तोलून धरते, त्यापुढं जगातला कुठलाही पंप जाऊ शकत नाही. एका विक्रेत्यानं मिलमध्ये आठशेच्या व्हॅक्यूमचा पंप विकायला आणला होता म्हणे. काकाजींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

हाच सिद्धांत पटवायला ते जर्मनीची गोष्ट सांगतात. माग्डेबुर्ग गावच्या ऑटो फॉन गेरिके नावाच्या नगराध्यक्षानं हवा काढायचा पंप तयार केला. नगराध्यक्षानं पंप तयार केला, या ठिकाणी आमच्याकडे पहिला हशा होतो, कारण एटापल्लीलाही आता नगरपंचायत आहे. त्यानं तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावले, आतली हवा काढली आणि १६५७ साली माग्डेबुर्गात दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. सोळा घोड्यांना ते गोल सहजी सुटेनात. व्हॉल्व्ह उघडून हवा आत सोडली, की हातानं सुटत.

इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. काकाजींची गोष्ट इथून सुरू होते. "दोन तांब्याच्या वाट्या. मधातून हवा काहून नाई गेली? गॅस्केट होती! चामड्याची. मेणात अन् टर्पेंटाइनमधी भिजवलेली. ती कोन भिजवली? कडा कोन पुसली? एक खडा राहिला असता तं घोडे गेले असते घरी अन् नगराध्यक्षाची फजिती. गेरिकेचं नाव साऱ्या जगात. चित्रात घोडेसुद्धा आले. गॅस्केटवाल्याचं नाव सांगा!"

कोणी सांगू शकत नाही. काकाजी विजयी मुद्रेनं पान जमवतात.

मध्यंतरी वस्तीतला पाण्याचा पंप बंद पडला. बेअरिंगचा आवाज वाढला आहे, हे काकाजी महिनाभर दारोदार सांगत होते. त्यांच्या पेचकसानं ते कधीच ऐकलं होतं. लोकांनी नेहमीप्रमाणं मान हलवली. पंप जळाला, दोन दिवस पाणी नाही, मग बाहेरून मिस्त्री आला. रात्रभर दिव्याच्या उजेडात त्यानं काम केलं. पहाटे पाणी आलं तेव्हा बायांनी त्याला ओवाळलं, पोरांनी फोटो काढले, वर्गणी काढून त्याला कोंबडं दिलं. काकाजी गर्दीत मागं उभे होते. मला वाटलं, आज यांना वाईट वाटत असेल. गर्दी पांगल्यावर ते मिस्त्रीपाशी गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बेस काम केलं. आता ग्रीस किती भरली, ते सांग. अन् पुढची तारीख लिहून दे."

मिस्त्रीनं मानलं नाही. त्याचं गणित त्याच्या दृष्टीनं बरोबर होतं : तारीख लिहून दिली तर पुढचं कोंबडं बुडालं.

आपल्या समाजाचं हिशेबाचं पुस्तक असं आहे. घडलेल्या गोष्टीला त्यात ओळ आहे, टळलेल्या गोष्टीला नाही. न जळालेला पंप, न तुटलेला कागद, न चुकलेला ब्रेक, वेळेवर रडलेलं बाळ यांची बातमी होत नाही, आणि त्यामागं उभा असलेला माणूस आपल्याला विक्षिप्त, चिकट आणि कटकट्या वाटतो. काकाजी तसे आहेतच. त्यांच्याशेजारी राहणं सोपं नाही, हे मी शेजारी या नात्यानं लिहून देतो. पण गावात शिल्लक असलेल्या चालू वस्तूंची यादी केली तर निम्म्या वस्तूंवर त्यांच्या खडूची तारीख सापडेल.

तेव्हा वाचकहो, तुमच्या कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत असा एखादा माणूस असेल, रोज तेच झाकण उघडणारा आणि तेच झाकण लावणारा, तर त्याला 'तुम्ही दिवसभर करता काय' असं विचारू नका. त्याला गाळणीचा सुटा भाग वेळेवर मिळेल एवढं बघा, आणि निवृत्त होताना उल्लेखनीय काहीच घडलं नाही, असं त्याला लेखी द्या. सही-शिक्क्यानिशी.